माणसाचा दोर आणि लाकडाचा दोर: झाडावरच्या कामाची साधने कशी निवडावीत

वैशाखात वळवाचे दोन-चार तडाखे बसले की बेळगावच्या कॅम्प-टिळकवाडीपासून खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणीच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत घरमालकांना अंगणातल्या झाडांची आठवण होते. गोठ्याच्या पत्र्यावर झुकलेली फणसाची फांदी, कौलांवर ओणवलेला गुलमोहर, विहिरीच्या काठची वाळलेली चिंच हे सगळे मृग लागण्याच्या आत उतरवायचे असते. बोलावलेला गडी येतो तेव्हा त्याच्या हातात कोयता, कुऱ्हाड किंवा अलीकडे चेन सॉ असते आणि खांद्यावर एक सोल असतो, म्हणजे गाडीवर कडबा आवळायचा तोच जाड दोर. वर चढताना हाच सोल तो कमरेला गुंडाळतो, पोहोचल्यावर सोडून फांदीला बांधतो, फांदी कापली की त्यानेच ती खाली सोडतो, आणि उरलेला बुंधा पाडताना चार माणसे पुन्हा तोच सोल ओढतात. झाडावरच्या कामासाठी साधने निवडायची असतील तर सुरुवात या एका दोराचे दोन दोर करण्यापासून व्हावी, असे मला वाटते. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्या एका निर्णयातून आपोआप सुचत जातात.

माणसाच्या दोरावर येणारा भार लहान आणि ठाऊक असतो; माणूस आणि त्याच्या अंगावरचे सामान मिळून ८० ते १०० किलो. काम नीट चालले असेल तर या दोराला झटका बसतच नाही, कारण तो सतत ताठ असतो आणि गडी त्यात बसल्यासारखा असतो. लाकडाच्या दोराचे याच्या उलट असते. त्याच्यावर किती वजन येणार हे अंदाजाने ठरवावे लागते, ते वजन बहुधा झटक्यानेच येते, शिवाय तो सालीवर घासतो आणि चिखलात लोळतो. असे झटके खाल्लेला दोर बाहेरून धडधाकट दिसतो, परंतु आतले धागे तुटलेले किंवा उष्णतेने एकमेकांना चिकटलेले असू शकतात. म्हणून ज्या दोराने एकदा लाकूड उतरवले त्याला माणूस पुन्हा लटकवू नये. दोन्ही दोर वेगळ्या रंगांचे घेतले की घाईतही चूक होत नाही.

आता दोर कशाचा असावा ते पाहू. रविवार पेठेत दोर मागितला की काथ्याचा, तागाचा आणि 'नायलॉनचा' असे प्रकार समोर येतात. काथ्या आणि ताग मुळात कमी ताकदीचे, आणि ओलाव्याने आतून कुजलेले वरून ओळखू येत नाहीत. जनावर बांधायला ते उत्तम, माणूस बांधायला नव्हे. 'नायलॉन' म्हणून मिळणारा झगझगीत निळा, पिवळा किंवा हिरवा दोर बहुतेक वेळा नायलॉन नसतोच, तो पॉलिप्रॉपिलीनचा किंवा तत्सम प्लास्टिकचा असतो. याची परीक्षा घरच्या घरी होते. दोराचा वीतभर तुकडा बादलीभर पाण्यात हाताने दाबून, त्यातली हवा काढून सोडावा. नायलॉन आणि पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड असल्यामुळे बुडतात, तर पॉलिप्रॉपिलीन हलके असल्यामुळे तरंगते. तरंगणारा दोर झाडावरच्या कामाला का नको, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे तो उन्हात लवकर ठिसूळ होतो. दुसरे कारण उष्णतेचे: पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिएस्टर मात्र सुमारे २५५ अंशांपर्यंत टिकते, आणि दोर दोरावर किंवा सालीवर वेगाने घासला की त्या जागी निर्माण होणारी उष्णता काही क्षणांत पहिल्या आकड्यापर्यंत जाऊ शकते. काही खास, महागडे दोरही पाण्यावर तरंगतात, पण ते पेठेत किलोच्या भावाने मिळत नाहीत, तेव्हा त्यांची काळजी नको.

माणसासाठी घ्यायच्या दोराची वीणही पाहावी. तीन पदरी पिळाचा दोर भार आला की उलगडू पाहतो आणि लटकलेला माणूस भोवऱ्यासारखा फिरतो. त्याऐवजी आत भार पेलणारा गाभा आणि बाहेर त्याला जपणारे विणलेले आवरण, अशा रचनेचा दोर घ्यावा. गिर्यारोहणाच्या दुकानात असे दोर दोन तऱ्हांचे असतात. एक ताणला जाणारा, पडणाऱ्या गिर्यारोहकाला अलगद झेलण्यासाठी केलेला. दुसरा फारसा न ताणणारा. झाडावर बसून काम करायचे असल्यामुळे आपल्याला दुसरा हवा, नाहीतर प्रत्येक हालचालीला गडी हेलकावे खात राहील. न ताणणाऱ्या दोरासाठी ईएन १८९१ हे युरोपीय मानक आहे आणि त्यातला 'ए' प्रकार माणसाच्या कामासाठी घ्यावा. हा दोर किमान २२ किलोन्यूटन आणि टोकाला गाठ मारलेली असताना किमान १५ किलोन्यूटन भार पेलला पाहिजे, अशी त्या मानकाची अट आहे. जाडी ११ ते १३ मिलिमीटर असली की मुठीत नीट बसतो. लांबीचा हिशेब अनेकदा चुकतो: दोर फांदीवरून जाऊन परत येणार असल्यामुळे १५ मीटर उंचीच्या आधारासाठी ३० मीटर दोर नुसता जमिनीला टेकण्यापुरता होतो, म्हणून ४० ते ४५ मीटर घ्यावा आणि मोकळ्या टोकाला मोठी गाठ मारून ठेवावी.

किलोन्यूटन हा शब्द पुढेही येणार आहे. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो वजनाची ओढ. म्हणजे २२ किलोन्यूटन म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. इथे कोणीही विचारेल की शंभर किलोच्या माणसाला दोन टनांचा दोर कशाला. लेबलवरचा आकडा हा नव्या, कोरड्या दोराचा, तो तुटण्याच्या क्षणाचा आकडा असतो. गाठ मारली की त्यातला चौथा हिस्सा ते निम्मा, गाठीच्या प्रकारानुसार, कमी होतो. नायलॉन भिजले की आणखी दहा-पंधरा टक्के जातात. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात दोर महिनोन्महिने नीट वाळत नाही हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणूनच तुटण्याच्या आकड्याचा दहावा हिस्सा हाच रोजचा भार मानण्याचा प्रघात आहे.

दोरानंतर हार्नेस, म्हणजे माणसाला दोराशी जोडणारा पट्ट्यांचा साज. आपल्याकडे 'सेफ्टी बेल्ट' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. पहिली वस्तू म्हणजे नुसता कमरेचा पट्टा. त्यात पडलेल्या माणसाचा सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, किंवा तो पट्ट्यातून निसटतो. पडणे झेलण्यासाठी हा पट्टा वापरूच नये. दुसरी वस्तू म्हणजे बांधकामावर दिसणारा पूर्ण अंगाचा हार्नेस, ज्याची मुख्य कडी पाठीवर असते. आपल्या देशात त्यासाठी आयएस ३५२१ हे मानक आहे. घेताना आयएसआय चिन्हाबरोबर 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा आणि तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकून खरा आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. हा हार्नेस खोटा नव्हे, पण त्याचे काम वेगळे आहे: तो पडलेल्या माणसाला झेलतो, बसून काम करू देत नाही. शिवाय त्याच्याबरोबर येणारा दोन मीटरचा पट्टा आणि झटका शोषणारी घडी यांचा हिशेब पाहा. पट्टा २ मीटर, उलगडणारी घडी जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर थोडी मोकळीक धरली तर माणूस थांबायला सहा मीटरांहून अधिक मोकळी जागा लागते. पाच मीटरांवरच्या आंब्याच्या फांदीवर ती कुठून आणणार? त्याआधीच जमीन किंवा खालची फांदी आलेली असते.

झाडासाठी हवी ती तिसरी वस्तू, म्हणजे मांड्यांखाली आणि कमरेला रुंद पट्टे असलेला, पुढच्या बाजूने दोराला जोडला जाणारा बैठा हार्नेस. त्याच्यावर ईएन ८१३ आणि ईएन ३५८ असे दोन्ही आकडे असावेत. पहिला बैठकीचा आणि दुसरा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांचा, ज्यांत खोडाभोवती फिरवायचा आखूड दोर अडकवतात. दुकानात तो नुसता अंगावर चढवून पाहणे पुरेसे नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन दहा मिनिटे त्यात लटकून पाहावे, कारण मांडीला रुतणारा पट्टा उभे असताना कधीच कळत नाही आणि वर गेल्यावर गडी तो सैल करतो. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साकळून काही मिनिटांतच जिवाला धोका होऊ शकतो, हेही इथेच सांगायला हवे. त्यामुळे वर एक आणि खाली दुसरा चढू शकणारा माणूस, त्याच्यापाशी दुसरा हार्नेस व दुसरा दोर, हा खर्च चैनीचा नसून त्याच खरेदीचा भाग आहे.

जोडणीच्या कड्यांविषयी बेळगावकरांशी थोडे मोकळेपणाने बोलता येते. उद्यमबागेत ओतकाम आणि लोखंडाची जाण पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि म्हणूनच 'तीस रुपयांचा हुक आपल्याच शॉपमध्ये करून घेऊ' असे म्हणणाराही इथे हटकून भेटतो. ओतकाम करणाऱ्यालाच विचारा: बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबाला वाघ असते, पण ओढीला आणि झटक्याला ते न वाकता, कसलीही सूचना न देता तुटते. घडीव पोलाद आधी वाकते, ताणले जाते, डोळ्यांना दिसते. वेल्डिंग केलेल्या कडीत तर जोडाच्या आत काय आहे हे वरून कोणालाच सांगता येत नाही. माणसाच्या जिवाची कडी म्हणून परीक्षण झालेला, ईएन ३६२ असा शिक्का असलेला कॅराबिनरच, म्हणजे उघडझाप होणाऱ्या फाटकाची कडीच, घ्यावा. त्याच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने तो २२ ते २५ किलोन्यूटन पेलतो, तोच आडवा पडला तर सात-आठ, आणि त्याचे फाटक उघडे राहिले तर पुन्हा सातच्या आसपास. म्हणजे कडी तीच, पण ती कशी बसली यावर तिची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. यासाठीच फाटक आपोआप बंद होणारे आणि दोन-तीन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय न उघडणारे असावे. नुसत्या पेचाचे फाटक चेन सॉच्या थरथरीने आणि सालीच्या घासण्याने हळूहळू उलगडते.

चढण्याआधीच दोर वर पोहोचवणे हे या सगळ्या पद्धतीचे मर्म आहे. त्यासाठी पाव किलो ते चारशे ग्रॅम वजनाची लहान पिशवी आणि बारीक गुळगुळीत दोरी मिळते. जोंधळ्याच्या मळ्यात गोफण फिरवलेल्याला ती फेकायला शिकवावे लागत नाही. दोर भक्कम बेचक्यात बसला की दोन माणसांनी त्यावर लटकून पाहावे आणि मगच एकाने चढावे. बेचक्यात दोर थेट घासू नये म्हणून दोन कड्यांचा पट्टा बसवतात, त्याने दोर आणि साल दोन्ही वाचतात. वर गेल्यावर करवत चालवण्यापूर्वी दुसरा आधार, म्हणजे कमरेचा आखूड दोर, खोडाभोवती घेतलेला असलाच पाहिजे, कारण चालत्या साखळीला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही. काही आखूड दोरांच्या पोटात पोलादी तार असते. ती हातकरवतीला बराच विरोध करते आणि चेन सॉला थोडाच. पण हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, तारा जवळून जात असतील तर हीच तार जीव घेऊ शकते. ओला दोरही वीज वाहतो. तारेजवळच्या झाडाला साधनांची निवड हा उपाय नाही, वीज बंद करून घेणे हाच आहे.

लाकडाच्या दोराकडे वळताना आधी वजन काढायला शिकावे. ओले लाकूड साधारण पाण्याइतके जड धरले तर हिशेब सोपा होतो. ४० सेंटीमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका सुमारे १२५ किलो भरतो. व्यास ८० झाला तर तेवढ्याच लांबीचा ओंडका ५०० किलोंवर जातो, कारण व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते. नजरेला मात्र तो 'थोडा जाड' एवढाच वाटतो. आता हा १२५ किलोचा ओंडका उभ्या खोडाच्या शेंड्यावरून कापला, आणि ज्या कप्पीतून दोर जातो ती कापाच्या खाली बांधलेली आहे असे समजा. ओंडका एक मीटर मोकळा पडला आणि दोराने त्याला पुढच्या २५ सेंटीमीटरांत थांबवले, तर दोरावरची सरासरी ओढ वजनाच्या पाचपट, म्हणजे ६२५ किलो होते, आणि मधला सर्वांत मोठा झटका याहूनही जास्त असतो. एवढ्यावर हे थांबत नाही. कप्पीच्या एका बाजूला ओंडका ओढतो आणि दुसऱ्या बाजूला खाली दोर धरणारा ओढतो, त्यामुळे दोन्ही दोर खाली समांतर जात असतील तर कप्पी आणि तिचा पट्टा यांवर जवळपास दुप्पट, म्हणजे साडेबाराशे किलो येतात. आणि हा सगळा हिसका ज्या खोडाला बसतो, त्याच खोडाला वर गडी स्वतःला बांधून उभा असतो.

या हिशेबातून लाकडाच्या बाजूची खरेदी ठरते. कप्पीचा पट्टा आणि शॅकल (आडव्या खिळीने बंद होणारी यू आकाराची कडी) नेहमी दोरापेक्षा दणकट हवेत, कारण त्यांच्यावर दुप्पट भार असतो. पट्टा खोडाला फासासारखा आवळला तर त्याची ताकद साधारण वीस टक्क्यांनी कमी होते, हेही धरावे. शॅकलवर चालू भाराचा आकडा उठावदार अक्षरांत असतो. तो नसेल तर ती कडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ठेवावी. विहिरीची जुनी कप्पी इथे चालणार नाही, कारण घागरीचे ओझे आणि ओंडक्याचा झटका यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय तिच्या उघड्या बाजूतून दोर निसटून आसाजवळ अडकतो. दोर १२ ते १६ मिलिमीटरचा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टरचा घ्यावा.

खाली दोर धरणाऱ्याच्या हाताला किती ओढ लागेल हे वेढ्यांवर ठरते, आणि हे शास्त्र मोटेचा नाडा हाताळलेल्या पिढीला सवयीने ठाऊक होते. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर खुंटाभोवती एक पूर्ण वेढा घेतल्यावर हाताला लागणारी ओढ सुमारे पाचव्या हिश्श्यावर येते आणि दोन वेढ्यांना तेविसाव्या. मात्र चिंचेच्या खरखरीत सालीवर आणि नीलगिरीच्या गुळगुळीत खोडावर हा गुणांक एकसारखा नसतो, म्हणून झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधायचा, वेढे घेण्याचा धातूचा नळा मिळतो तो घ्यावा. लाकडाच्या बाजूने एकच वस्तू परवडत असेल तर मी हीच सांगेन. त्याचा खरा फायदा असा की दोर एकदम न अडवता थोडा सरकू देता येतो. ओंडका २५ सेंटीमीटरांऐवजी एका मीटरात थांबवला तर वरची पाचपट ओढ दुपटीवर येते. एवढेही सामान नसेल तर ओंडके आखूड कापावेत. करवतीचे चार काप जास्त लागतील, मजुरी थोडी वाढेल. त्याला पर्याय नाही.

नारळ-सुपारीच्या झाडांना फांद्याच नसल्यामुळे वरचा बराचसा विचार तिथे लागू पडत नाही. केरळमधल्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ यांनी केलेले, दोन पायांसाठी दोन भागांचे आणि तारेचा फास खोडाला आवळत जाणारे चढण्याचे यंत्र आता आपल्याकडेही दिसते. ते चढण्याचे श्रम वाचवते, पण पाय निसटला तर माणसाला धरत नाही. त्यामुळे खोडाभोवतीचा कमरेचा दोर त्याच्याबरोबरही लागतोच. पायाला बांधायचे लोखंडी काटे फक्त तोडायच्या झाडावर वापरावेत, कारण जगवायच्या झाडाला त्यांची प्रत्येक भोसक ही रोगाला उघडलेली वाट असते. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचे असावे. याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे नाही, फक्त ते खालच्या माणसालाही हवे.

एवढे सामान बघून जुना गडी हसतो आणि बघे त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात की 'याला कसला दोर लागतोय, माकडासारखा चढतो.' त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मुकादमाने हार्नेसशिवाय करवत वर पाठवायचीच नाही, असा नियम केलेला बरा.

घेतलेले सामान किती दिवस चालेल याचेही उत्तर खरेदीच्या वेळीच विचारावे. कापडी आणि दोरीच्या वस्तूंना बहुतेक उत्पादक बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत देतात, मग त्या वापरल्या नसल्या तरी. म्हणून लेबलवर बनवल्याचे वर्ष नसलेली वस्तू घेऊ नये. रोजच्या वापरात ती मुदत फार आधी संपते. दर वेळी दोर पूर्ण लांबीभर हातातून सरकवत न्यावा, आणि कुठे अचानक मऊ लागला, कुठे कडक किंवा चकचकीत झाला, वाकवल्यावर कुठे कोनात दुमडला, किंवा आवरणातून पांढरा गाभा डोकावला तर तो दोर माणसासाठी संपला. नायलॉनला आम्लाचे वावडे आहे. पिकअपमध्ये बॅटरीशेजारी पडून राहिलेल्या दोरावर डाग दिसो वा न दिसो, त्यावर विश्वास ठेवू नये. फवारणीच्या औषधांपासून दूर, सावलीत, बारदानाच्या पोत्यात टांगून तो ठेवावा आणि पोत्यावर खरेदीची तारीख खडूने नव्हे, रंगाने लिहावी. बाद केलेला दोर अखंड ठेवला तर पुढच्या वैशाखात कोणीतरी तो पुन्हा खांद्यावर टाकून येतो. म्हणून बाद केल्या दिवशीच त्याचे हात-दोन हातांचे तुकडे करावेत. गोठ्यात दाव्यांना ते बरीच वर्षे पुरतात.